विदॉकच्या ‘आठवणी’ : पश्चात्ताप की करार?

चोराला पकडण्यासाठी चोराच्याच माहितीचा उपयोग करावा, ही कल्पना राज्यशास्त्राला नवीन नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ ह्या चौथ्या अधिकरणात जुन्या चोरांचे सोंग घेतलेले हेर चोरांच्या मेळाव्यात शिरतात, त्यांच्याकडून चोरी करवितात आणि मग त्यांना पकडून देतात. येथे एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून सहज सुटते. कौटिल्याचा हा हेर ‘पुराणचोर’ नाही. तो पुराणचोराचे सोंग आणणारा राजसेवक आहे. सोंग उतरले की खाली राजसेवकच शिल्लक राहतो, आणि त्याच्या निष्ठेचा वेगळा पुरावा मागण्याचे कारण उरत नाही. १८११ मध्ये पॅरिसच्या पोलीसखात्याने ह्याच्या पुढचे पाऊल टाकले. त्याने खराखुरा पुराणचोर नेमला, त्याला ‘स्युर्ते’ ह्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या गुप्त पथकाचा नायक केले आणि शहराची सुरक्षितता त्याच्या हाती सोपविली. सोंग उतरल्यावर खाली काय शिल्लक राहते, हा प्रश्न तेव्हापासून फ्रेंच वाङ्मयाला सतावीत राहिला.

हा पुराणचोर म्हणजे फ्रान्स्वा-युजेन विदॉक. त्याच्या नावावर १८२८-२९ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘आठवणी’ आज बहुधा दुय्यम साधन म्हणून वाचल्या जातात. बाल्झाकच्या व्होत्रँचे किंवा ह्यूगोच्या जाँ व्हालजाँचे मूळ शोधावयाचे, दोन-चार साम्यस्थळे टिपावयाची आणि ग्रंथ मिटून ठेवावयाचा, अशी प्रथा पडली आहे. ह्या प्रथेने त्या ग्रंथावर अन्याय केला आहेच. पण त्याहूनही, पुढील दोन मोठ्या कादंबरीकारांनी त्यातून नेमके काय उचलले आणि काय बदलले ह्याविषयीची आपली समजूतही तिने उथळ केली आहे, असे आम्हांस वाटते. ‘आठवणीं’त गुन्हेगाराच्या सुधारणेची कथा आहे असे धरून आपण वाचू लागतो, प्रत्यक्षात त्या कथेचा कणाच, म्हणजे पश्चात्ताप, तेथे सापडत नाही. त्याच्या जागी दुसरेच काही आहे. ते काय आहे आणि त्याची वाङ्मयीन किंमत किती, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

चरित्राचा तपशील थोडक्यात सांगणे भाग आहे. विदॉकचा जन्म २३ जुलै १७७५ रोजी उत्तर फ्रान्समधील आरास ह्या गावी झाला. बाप पाववाला. पोराने आधी घरच्याच गल्ल्यावर हात मारला, मग सैन्य, द्वंद्वे, फसवणुकी. १७९६ च्या अखेरीस, एका कैद्याच्या सुटकेचा बनावट हुकूम तयार केल्याच्या आरोपावरून त्याला आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. आपण निर्दोष होतो, दुसऱ्यांनी आपली कोठडी त्या कामासाठी वापरली, असे तो ‘आठवणीं’त सांगतो. पुढची गोष्ट पलायनांची आहे : १७९८ मध्ये ब्रेस्तहून, १८०० मध्ये तुलाँहून. कधी खलाशाचा वेष, कधी ख्रिस्ती जोगिणीचा. १८०९ मध्ये पॅरिसला पुन्हा पकडला गेल्यावर त्याने पोलिसांना आपली सेवा देऊ केली आणि बिसेत्र व ला फोर्स ह्या तुरुंगांत एकवीस महिने कैद्यांमध्ये राहून खबऱ्याचे काम केले. १८११ मध्ये ठरवून घडविलेल्या एका ‘पलायना’ने तो बाहेर आला. तेव्हापासून १८२७ पर्यंत तो पथकाचा प्रमुख होता.

आता ह्या ग्रंथाच्या कर्तृत्वाचा प्रश्न. एमिल मोरिस आणि लुई-फ्रान्स्वा लेरित्ये ह्या दोघा लेखनिकांचा हात त्यात आहे हे सर्वमान्य आहे. खुद्द विदॉकनेच प्रस्तावनेत तक्रार केली आहे की, हात मोडल्यामुळे आपल्याला हस्तलिखितावर नजर ठेवता आली नाही आणि त्याचा गैरफायदा घेतला गेला. चौथ्या खंडातील आदेल द’एस्कारची लांबलचक कथा तर सरळसरळ उपरी वाटते. ती वाचताना आपण एखाद्या हलक्या मासिकातील करुणकथा वाचीत आहोत असा भास होतो. ह्या साऱ्यामुळे काही अभ्यासकांनी ग्रंथाला अविश्वसनीय ठरवून बाजूस सारले. परंतु आमच्या प्रश्नापुरते हे कारण लंगडे आहे. लेखनिकांना हवी होती ती विकली जाणारी कथा, आणि त्या काळी पश्चात्तापाइतके विकले जाणारे दुसरे काय होते? फाशीच्या चबुतऱ्यावरची कबुली, मरणोन्मुख पाप्याचे अश्रू, हे तर बाजारातील हमखास खपाचे जिन्नस होते. असे असूनही सुधारणेचा तो एक क्षण त्यांना घडविता आला नाही, किंवा घडवावासा वाटला नाही. जी उणीव मूळ निवेदक आणि दोन लेखनिक अशा तिघांच्या हातून कायम राहते, ती निष्काळजीपणाची खास नव्हे.

पहिल्या खंडाच्या मुखपृष्ठापासूनच हे जाणवते. तेथे विदॉक १८२७ पर्यंत स्युर्तेचा प्रमुख आणि आता सँ-माँदे येथील कागदाचा कारखानदार म्हणून अवतरतो. दोन धंदे, दोन्ही प्रतिष्ठित. कैदी असल्याचा तेथे उल्लेख नाही आणि सुधारल्याचाही नाही. आत शिरल्यावरही हाच हिशोबी सूर टिकतो.

ह्या दृष्टीने ग्रंथातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग लियाँचा आहे, आणि टीकाकारांनी त्याच्याकडे करमणुकीचा चुटका म्हणून पाहावे ह्याचे आम्हांस नवल वाटते. फरारी विदॉक लियाँमध्ये पकडला जातो. शहरात दरोडेखोरांचा सुळसुळाट आहे. द्युब्वा नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला तो सांगतो की, मी त्यांना पकडून देतो, मला मोकळे सोडा. अधिकारी साहजिकच विचारतो : तुझ्यावर विश्वास कसा ठेवावा? विदॉकचे उत्तर विलक्षण आहे. मला येथून पहाऱ्यात पाठवा. मी वाटेत पहारेकऱ्यांच्या हातून निसटेन आणि सरळ तुमच्याच कचेरीत परत येईन. तसे तो करतोही.

हा पुरावा कशाचा आहे, हे नीट पाहिले पाहिजे. तो सद्‌वर्तनाचा पुरावा नव्हे. उलट सरकारचा पहारा किती तकलादू आहे हे त्याने प्रथम दाखविले, आणि मग त्याच हातांनी आपली सेवा पुढे केली. कुलूप तोडता येते हे दाखविणारा माणूसच ते राखण्यास योग्य, हा तर्क येथे जन्मास येतो. आजही तो सर्वत्र मान्यता पावलेला दिसतो. पण प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे. तो परत आला. का आला? निवेदक एका शब्दानेही अंतःकरणाची साक्ष काढीत नाही. ठरले होते म्हणून आला. ‘आठवणीं’ची सारी नीती ह्या परतण्यात सामावलेली आहे. तिचा आधार पश्चात्ताप नाही, करार आहे.

एकदा हे ध्यानात घेतले की १८०९ च्या त्या निर्णायक प्रसंगाचाही उलगडा होतो. ‘आठवणी’ सांगतात की, विदॉक तेव्हा पॅरिसमध्ये व्यापारी म्हणून सरळ जीवन जगत होता. परंतु जुने कैदी दारात येत, गुपित फोडण्याची धमकी देत, पैसे उकळीत, चोरीचा माल लपविण्यास भाग पाडीत. धड चोरही राहता येईना, धड गृहस्थही होता येईना. अखेर तो पोलीस खात्यातील हाँरी ह्या अधिकाऱ्याकडे गेला. म्हणजे ज्याला आपण त्याचे मतपरिवर्तन म्हणू, ते वस्तुतः सुटकेच्या सर्व वाटा बंद झालेल्या माणसाने उघडलेले शेवटचे दार होते. सरळ जगण्याची इच्छा आधीच होती. तिला परवानगी नव्हती. ही कबुली निवेदकाने जाणूनबुजून दिली असेल असे नाही, पण ग्रंथातील सर्वांत सच्ची पाने हीच आहेत.

आणि शासनाने तरी काय मागितले? त्याला सुधारलेला माणूस हवा होता काय? तुरुंगातील ओळखी, त्या लोकांची बोली, त्यांच्या गुत्त्यांतील खुणा, चोरीचा माल घेणाऱ्यांची घरे, ह्या ज्ञानासाठी तर त्याची नेमणूक झाली. पूर्णपणे सुधारलेला, जुन्या जगापासून तुटलेला विदॉक पोलिसांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरला असता. राजाची रीतसर माफी त्याला १८१८ मध्ये मिळाली. त्यापूर्वी जवळजवळ सात वर्षे हा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने शिक्षा चुकविणारा कैदीच होता, आणि तरीही दुसऱ्या कैद्यांना पकडीत होता. सेवेत कसूर झाली तर पुन्हा बेड्या, ही तलवार त्याच्या मानेवर सतत टांगलेली होती. अशा अवस्थेतील निष्ठेला निष्ठा म्हणावे की जामीन म्हणावे, हे वाचकाने ठरवावे.

हाताखालची माणसे त्याने बहुतांशी आपल्यासारखीच निवडली. सुरुवातीला ती अवघी चार होती. १८२४ पर्यंत ती संख्या अठ्ठावीसवर गेली. हे लोक गर्दीत खिसे कापतात असा बोभाटा प्रतिस्पर्ध्यांनी उठविला, तेव्हा विदॉकने काय केले? त्याने सर्वांना कातडी हातमोजे घालण्याचा हुकूम दिला; कारण हातमोजा घालून कोणालाही खिसा कापता येत नाही. ही हकीकत ‘आठवणीं’त मोठ्या खुशीने सांगितली आहे. तिच्यात विनोद आहे खरा. परंतु संस्थेने आपल्या माणसांच्या मनावर विसंबून न राहता त्यांच्या बोटांवर विसंबून राहावे, हे जे तिच्यातून सूचित होते, ते नुसते विनोदी नाही.

शैलीच्या अंगाने पाहता ग्रंथाची पातळी अत्यंत असमान आहे. निवेदक नीतीवर बोलू लागला की वाक्ये फुगतात आणि विरतात. तोच चोरांची परिभाषा समजावून सांगू लागला, किंवा एखाद्या कुलपाची, वेषांतराची, गुत्त्यातील संभाषणाची हकीकत देऊ लागला, की गद्यात एकदम जीव येतो. हे प्रेम लपत नाही. १८३६-३७ च्या ‘चोर’ ह्या ग्रंथात त्याने त्या बोलीचा कोशच देऊन टाकला. आपल्याकडे ‘मृच्छकटिका’तील शर्विलक आठवावा. भिंतीला भोक पाडताना तो शास्त्राचे दाखले देतो, यज्ञोपवीताने माप घेतो, संधीच्या आकारांची चिकित्सा करतो. आणि दहाव्या अंकात नव्या राजाचा माणूस म्हणून तोच चारुदत्तापुढे उभा राहतो. ह्या दोन शर्विलकांमध्ये पश्चात्तापाचा प्रवेश शूद्रकानेही घातलेला नाही. मात्र तेथे आर्यकाची मैत्री आहे आणि मदनिकेचे प्रेम आहे. माणूस एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जाण्यास ती कारणे पुरेशी वाटतात. विदॉकजवळ असे कोणी नाही. त्याच्या ग्रंथात मित्र जवळजवळ नाहीतच, ही गोष्ट चार खंड वाचून संपल्यावर ध्यानात येते, आणि मग ती विसरता येत नाही.

बाल्झाकने विदॉकला प्रत्यक्ष पाहिले होते. ‘पेर गोर्यो’मधील (१८३४-३५) व्होत्रँ, म्हणजेच फरारी कैदी जाक कोलँ, ह्याच्या देहयष्टीत आणि दराऱ्यात विदॉक दिसतो, हे नेहमी सांगितले जाते. खांद्यावर थाप मारताच डागलेली आद्याक्षरे उमटतात, हा प्रसंगही सर्वांच्या लक्षात राहतो. पण साम्य शोधावयाचे ते तेथे नव्हे. ‘गणिकांचे वैभव आणि दैन्य’ ह्या कादंबरीचा १८४७ मधील अंतिम भाग, ‘व्होत्रँचा अखेरचा अवतार’, हे बाल्झाकने ‘आठवणीं’वर लिहिलेले खरे भाष्य होय.

कोलँ येथे स्पॅनिश धर्मोपदेशक कार्लोस एरेराच्या वेषात काँसिएर्जरीच्या तुरुंगात आहे. पाठीवरची मुद्रा त्याने जखमा करून घेऊन पुसून टाकली आहे, त्यामुळे जुनी कसोटी आता फसते. ज्याच्यासाठी तो जगला त्या ल्युसियँने गळफास घेतला आहे. ह्या दुःखाने कोलँ खरोखर मोडतो, आणि पश्चात्तापाचा क्षण आता आला असे वाचकास वाटते. बाल्झाक तो येऊ देत नाही. कोलँच्या ताब्यात थोर घराण्यांतील स्त्रियांची ल्युसियँला लिहिलेली पत्रे आहेत. ती घेऊन तो सरकारी वकील ग्रांव्हिलसमोर उभा राहतो आणि सौदा मांडतो : ही पत्रे घ्या, तरुण काल्व्हीचा जीव वाचवा आणि मला बिबी-ल्युपँची जागा द्या. हा बिबी-ल्युपँ स्वतःही पूर्वाश्रमीचा कैदीच आहे. म्हणजे विदॉकच्या एका जीवनातून बाल्झाकने दोन पात्रे काढली आणि एकाला दुसऱ्याच्या खुर्चीवर बसविले.

बाल्झाकचे मोठेपण येथे आहे की त्याने कराराची दुसरी बाजूही कागदावर उतरविली. ‘आठवणीं’त शासन म्हणजे परीक्षा घेणारा, संशयी पण स्वच्छ असा धनी आहे. कादंबरीत शासनालाच काही लपवावयाचे आहे. ग्रांव्हिल हा सज्जन आणि करारी मनुष्य. परंतु त्याच्यासारख्यालाही अब्रूदार घराण्यांची अब्रू राखण्यासाठी कैद्याशी बोलणी करावी लागतात. पहाऱ्यावर नेमलेल्या माणसाला घराची सर्व गुपिते ठाऊक आहेत, आणि नेमणुकीचे कारणही तेच आहे. त्या खोलीत शरमिंदा होण्याची पाळी कोणावर आली आहे, हे बाल्झाक स्पष्ट सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. कोलँच्या बाजूने मात्र एक ठेव बुडालेली आहे : कैद्यांचा सावकार म्हणून त्यांचा जो पैसा त्याच्याजवळ होता, तो त्याने ल्युसियँवर उधळला होता. जुन्या सोबत्यांशी केलेला करार मोडूनच तो नव्या धन्याशी करार करतो. ‘आठवणीं’त जे कधीच कबूल केले जात नाही, ते हे.

ह्यूगोचा मार्ग वेगळा. ‘ले मिझेराब्ल’ (१८६२) मध्ये त्याने विदॉकला उभे चिरले. एका भागाचा जाँ व्हालजाँ झाला : तुलाँचा कैदी, अफाट शक्तीचा, पुढे कारखानदार. दुसऱ्या भागाचा झाव्हेर झाला : तुरुंगात जन्मलेला पोलीस. आणि ‘आठवणीं’तील रिकामी जागा भरून काढण्यासाठी त्याने तो क्षण घडविला, जो विदॉकच्या लेखनिकांना घडविता आला नव्हता. बिशप चोरीची भांडी चोरालाच देऊन टाकतो, वर मेणबत्तीची घरेही देतो. येथे करार संपतो आणि दान सुरू होते, असे आपण म्हणू. पण ह्यूगो इतका सरळ नाही. बिशप व्हालजाँला त्याने कधीही न दिलेल्या वचनाची आठवण करून देतो आणि त्याचा आत्मा आपण विकत घेतल्याची भाषा बोलतो. दान देणाराही खरेदीखताची भाषा वापरतो! कारण समोरच्याला तीच एक भाषा समजते. आणि तीही त्याला लगेच उमगत नाही. एका लहान पोराचे नाणे पायाखाली दाबून ठेवल्यानंतर, म्हणजे आणखी एक चोरी झाल्यानंतर, तो रडतो. टीकाकार ह्या दुसऱ्या चोरीला दुर्लक्षून पहिल्या दृश्यावरच थांबतात, ही चूक आहे.

झाव्हेरचा मृत्यू ह्याच भूमिकेवरून पाहावा. जून १८३२ च्या बंडात व्हालजाँ त्याला मारण्याऐवजी सोडून देतो. झाव्हेरच्या जगात कर्तव्य आहे, शिक्षा आहे, खबऱ्याला मोबदला आहे. ज्याचा हिशोब लागत नाही अशी देणगी त्या जगात नाही. सेन नदीत उडी घेण्यापूर्वी तो कचेरीत बसून तुरुंगाच्या व्यवस्थेविषयी सूचनांची एक टिपणी लिहितो. हे वाचताना अंगावर काटा येतो. इतिहासातील विदॉकही त्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर होता. १८२७ मध्ये वरिष्ठांशी न पटून त्याने नोकरी सोडली होती. त्याच्या जागी पूर्वाश्रमीचा कैदी असलेला त्याचाच सहायक कोको-लाकूर आला होता. मार्च १८३२ मध्ये विदॉकला परत बोलावण्यात आले आणि त्याची माणसे बंडवाल्यांविरुद्ध लढली. ज्या माणसावरून ह्यूगोने आपला व्हालजाँ अंशतः उभा केला, तो अडथळ्यांच्या त्या बाजूला उभा होता.

म्हणून ह्यूगोने विदॉकला ‘उदात्त’ केले, हे नेहमीचे विधान आम्हांस अपुरे वाटते. त्याने माणूस वाचविला, पण तो पोलीस कचेरीच्या बाहेर नेऊन. व्हालजाँ सुधारतो आणि म्हणूनच आयुष्यभर लपतो. सुधारलेला माणूस आणि शासनाच्या कामी येणारा माणूस एकाच देहात नांदू शकतात असे ह्यूगोला दाखविता आले नाही. बाल्झाकने त्यांना एका देहात ठेविले, आणि सुधारणा हा शब्द वगळला. दोघांपैकी कोणाचा निर्णय खरा, हे विचारण्यापेक्षा दोघांनाही निवड करावी लागली हे अधिक अर्थपूर्ण आहे. वाङ्मय म्हणून कितीतरी उणा असलेला तो चार खंडांचा ग्रंथ ही निवड टाळतो. सोळा वर्षे पथकाच्या नायकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला ती टाळता येते, हेच त्याचे खरे साक्षीमूल्य.

विदॉकला स्वतःला तिसरा एक मार्ग ठाऊक होता, आणि तो त्याने आजमावलाही. सँ-माँदेच्या कारखान्यात त्याने सुटलेल्या कैद्यांना कामावर घेतले. बनावट करता येणार नाही असा कागद तयार करण्याचा त्याचा खटाटोप होता. बनावट हुकुमापायी शिक्षा भोगलेल्या माणसाने हाच धंदा निवडावा, ह्यावर ‘आठवणीं’त एक अक्षरही नाही. कारखाना चालला नाही. १८४४ मध्ये त्याने गुन्हे आणि पुनर्गुन्हे कमी करण्याच्या उपायांवर एक पुस्तिका लिहिली. कैद्याला रोजगार द्या, त्याच्यामागे पाळत लावून त्याचा रोजगार बुडवू नका, असा त्याच्या विचारांचा रोख आहे. हे गद्य कोरडे आहे, त्यात चोरबोलीची चमक नाही. पण १८०९ च्या त्या दारात आलेल्या उकळेखोरांची सावली त्याच्या पाठीमागे आहे. अभ्यासकांनी ही पुस्तिका ‘आठवणीं’ना जोडून वाचावी असे आम्ही सुचवू.

खात्याने मात्र आपला निर्णय त्याआधीच केला होता. नोव्हेंबर १८३२ मध्ये विदॉकला दुसऱ्यांदा जावे लागले, आणि ज्यांच्यावर शिक्षेचा डाग नाही अशांचेच पथक ह्यापुढे असावे असे पोलीसप्रमुख जिस्के ह्याने ठरविले. विदॉकने मग खाजगी माहिती-कचेरी काढली. १८४२ मध्ये तिच्याच व्यवहारांवरून त्याला अटक झाली, १८४३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी अपिलात तो सुटला. हा सारा काळ त्याने काँसिएर्जरीत काढला. कोलँला बाल्झाकने सौदा करावयास लावला तो त्याच तुरुंगातून. आणि तो भाग प्रसिद्ध झाला १८४७ मध्ये, म्हणजे विदॉकच्या ह्या बंदिवासाला चार वर्षे लोटल्यावर. कादंबरीच्या अखेरीस एका वाक्यात सांगितले आहे की, सुमारे पंधरा वर्षे काम करून जाक कोलँ १८४५ च्या सुमारास निवृत्त झाला.